मालक : लंका

गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते,
म्हणून अपडेट बुधवारी रात्रीच झालं.
कुणी केलं ते विचारू नका, मृदगंधा फोनवर म्हणाली,
म्हणजे तिला माहीत नव्हतं
आणि संशय मात्र होता.

एरंडवण्यात, पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर
दीड खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या.
न दिसणाऱ्या मुलांसाठी इथे शाळेची पुस्तकं
मोठ्यानं वाचून साठवतात,
गिरणी बंद असते तेवढ्याच वेळात, एक ते चार.
संगणक एक. खाती चार :
मृदगंधा, अन्वर, खासनीस सर,
आणि चौथं, गेल्या दिवाळीत अन्वरने
टायपिंग शिकायला उघडून दिलेलं.

शुक्रवारी मी पोचलो तेव्हा
आठवीचं विज्ञान 'ध्वनी'च्या मध्यावर अडकलं होतं.
सरांनी चिन्हावर दोनदा टिचकी मारून दाखवली.
'हे ॲप उघडण्याची आपल्याला परवानगी नाही.'
'बेचाळीस वर्षं मी वर्गाबाहेर उभं केलं पोरांना,'
सर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मी बंद करून चालू केलं. परत बंद. परत चालू.
लोकांना वाटतं त्यात काही विद्या आहे.
विचार करायला वेळ मिळतो, एवढंच.

मग माहितीची खिडकी उघडली.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत :
मालक, लंका. वाचणे आणि लिहिणे.
इतर सर्व, प्रवेश नाही.

लंकाबाई शेलार दारात फडकं पिळत होत्या.
पाणी संपलं तरी पिळतच होत्या.
'त्यानं विचारलं, आत्ता करू का नंतर.
म्हटलं, नंतर केलं तर सकाळी तुमची खोटी होईल.
मी आत्ता दाबलं.'

चूक त्यांची नव्हती.
सहा वर्षांपूर्वी घरी जायच्या घाईत
सगळं सगळ्यांना खुलं ठेवून गेलो होतो मीच.
नवी आवृत्ती जो बसवील त्याच्या नावावर उतरते,
सातबारा थोडाच आहे
तलाठ्याकडे चकरा मारायला.
हे मी मोठ्यानं बोललो नाही.
'होतं असं अपडेटनंतर,' एवढं म्हणालो.

मालकी काढून व्यवस्थापकाकडे दिली.
एक गट केला, नाव ठेवलं वाचक,
त्यात चारही खाती घातली.
चौथ्या नावाला सरांची भुवई वर गेली,
मी पडद्याकडे बघत राहिलो.
आतल्या सर्व फाइलींना लागू करा : होय.
आकडे धावत होते, आठ हजार, नऊ हजार,
तेवढ्यात मागून आवाज आला,
'म्हणजे दीड दिवस ते माझं होतं?'
होतं की, म्हटलं.
'मग कुणी सांगायचं ना.'

अन्वर हसला. मग आम्ही सगळेच. त्या नाही.

एकेका खात्यात शिरून तपासलं. उघडतंय. उघडतंय.
चौथ्यात एकच फाइल निघाली,
बुधवार, रात्री नऊ वाजून बारा मिनिटं,
लांबी एक्केचाळीस सेकंद, नाव : 'मी वाचते १'.

व्यवस्थापकाला कुणाचंही उघडता येतं.
संगणक त्याला विचारतसुद्धा नाही.
बोट बटणावर होतं.
खाली गिरणी सुरू झाली, चार वाजले होते,
टेबल थरथरायला लागलं, पेला, माउस, सगळंच.

खात्यातून बाहेर पडलो.
लंकाबाईंना म्हटलं, नवा पासवर्ड तुम्हीच टाका,
मी तिकडे बघतो.
खिडकीतून एक रिक्षावाला दिसत होता,
पिठाचा डबा मांडीवर घेऊन कुणाची तरी वाट बघणारा.
मागे एकेक कळ, थांबून थांबून.
बराच लांब पासवर्ड असणार.

बिलावर लिहिलं : परवानग्या, तीनशे पन्नास.
सरांनी दहाची घासाघीस केली.