येर्न

युटलंडच्या पाणथळीत
चराचं पाणी गंजकं, वर तेलकट साय.
थ्यूरा फावड्याने चिखल उलटते,
तांबडं ढेकूळ तळव्यावर तोलते.
येर्न, म्हणते. लोखंड.

चाळीस वर्षं खोक्यांत शब्द लावतेय ती.
हा आमचा नव्हे, सांगते,
दक्षिणेकडच्या केल्ट लोहारांचा.
आले असतील भट्टी मांडायला,
जाताना ऐरण नेली, नाव विसरले.
ईसार्न.
मग कुठल्याशा समुद्रावर, कुणाच्या ओठांत
त्यातला 'स' झिजला
विळ्याच्या धारेसारखा, रोज थोडा,
कुणाच्या लक्षात न येता.

आणि त्याच्याही मागे?
कोणी म्हणतं पवित्र, कोणी म्हणतं रक्त.
थ्यूराच्या कार्डावर दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह,
पेन्सिलीने, खोडता यावं म्हणून.

शेजारचा आन्कर घोड्यांना नाल ठोकतो.
त्याला विचारलं तेव्हा
खिळ्याने फाटलेलं बोट चोखत होता.
थुंकला. म्हणाला,
चव तर सारखीच लागते.

थ्यूराने कार्ड उलटं केलं:
आन्कर, नालबंद, वय एकसष्ट.
हेही पेन्सिलीनेच.