पंधरा टक्के

जुनी पुली निघता निघेना.
तीन बोटांचा पुलर लावला, दोघांनी मिळून पाना ओढला,
हॅटर्सलींनी स्टॉक्सब्रिजच्या जुन्या बोलीत एक शिवी हासडली,
तरी ती शाफ्टला धरून,
नोटीस मिळूनही खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी.

मग एकदम सुटली,
माझ्या अंगठ्याची साल घेऊन.

नवी पंधरा टक्के लहान.
तळहातावर ठेवली तर साटोरीएवढी.
हिच्यासाठी मी तीन महिने
शनिवारीसुद्धा लोकांच्या दाढा काढल्या.
"लहान कशाला?" माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं,
"पैसे देऊन माणूस मोठं काहीतरी आणतो."

लहान चाकाला त्याच पट्ट्यावर जास्त फेरे पडतात.
जास्त फेरे, जास्त हवा.
"आणि जास्त हवा कोंबली की?"
"तापते, लव्ह," हॅटर्सली म्हणाले.
ते सगळ्यांनाच लव्ह म्हणतात,
मला, पोस्टमनला, गंजलेल्या नटाला.

पुली ओव्हनमध्ये ठेवली, दोनशे वीसवर,
काल नानकटाई भाजली त्याच ट्रेमध्ये.
हॅटर्सली खुर्ची ओढून समोर बसले.
चौतीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस,
पोलादाचा रंग बघून आच सांगणारा.
काचेतून बघत राहिले बराच वेळ.
"हिला रंग नाही यायचा. एवढ्याशा आचेत
लोखंड नुसतं मनातल्या मनात फुगतं."

जाड हातमोजे. दारापासून गाडीपर्यंत अकरा पावलं.
शाफ्टवर टेकवली आणि ती सरकली.
लोण्यात सुरी जावी तशी, असं लिहिणार होते,
पण तशी नाही.
थंडीत स्वेटरच्या बाहीत हात जावा, तशी.
मिनिटभरात गार झाली
आणि आता तिला देवही काढू शकणार नाही.
(पुलर काढेल. दुसरा अंगठा आहे अजून.)

संध्याकाळी लँगसेटच्या चढावर मिनी अशी उचलली
की हॅटर्सलींनी टोपी धरली.
बाहेर सात डिग्री. कुंपणाला धुकं.
मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचा आकडा: एकतीस.
मग रस्त्याचं काम, तात्पुरता सिग्नल,
लाल, लाल, अजून लाल,
पुढे मेंढ्यांचा ट्रक.
इंटरकूलर इंजिनच्याच डोक्यावर बसलेला,
वारा नाही तर तोही नुसता एक तवा.
बेचाळीस. एकावन्न. अठ्ठावन्न.
हिरवा झाला तेव्हा पाय दाबला, तर गाडी
जेवण अंगावर आलेल्या माणसासारखी हलली.
तापलेली हवा विरळ असते, हे मी वाचलं होतं.
ते पायाला कळणं वेगळं.

माळावर बाजूला घेतली. बॉनेट उघडलं.
इंजिन बंद केलं तरी आकडा चढतच राहिला,
एकसष्ट, चौसष्ट.
"बिघडलंय काही?"
"नाही. काम थांबलं म्हणून आच थांबत नाही."
ते बोलले आणि जरा दम खात उभे राहिले.
त्यांच्या छातीतून शिट्टी येत होती, बारीक,
पट्टा सैल असला की येते तसली.
मंगळवारी शेफील्डला तपासणी आहे, एवढं मला माहीत होतं.
मी विचारलं नाही. ते म्हणाले, "आता थंड प्लग टाकू,
एक नंबर खालचे. आणि बॉनेटला मागून वॉशर लावून फट."
मी म्हटलं, "मंगळवारनंतर."
"मंगळवारनंतर," ते म्हणाले.

वारा जलाशयावरून येत होता, ओला, फुकटचा.
मी डबा उघडला.
ग्रीसच्या बोटांनी त्यांनी नानकटाई उचलली,
चावली, थांबले.
"लोखंडासारखी लागते."
"नका खाऊ मग."
"मी कुठं म्हटलं वाईट लागते?"

दुसरी घेतली.
एकोणपन्नास.