ओळीच्या शेवटी

अप्पा बळवंत चौकातून आत, जिन्याखाली टेबल.
दहावीच्या फ्रेंच गाइडची प्रुफं माझ्याकडे आली
कारण ती बघणारे दामले गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले.
मला फ्रेंच येत नाही.
ओळ कुठे मोडायची ते येतं,
एकतीस वर्षं तेच करतोय.

पान बेचाळीस. बोलणे हे क्रियापद.
ओळ संपली, शब्द उरला.
मी पेन्सिलीने तोडला: वर पार, मग आडवी रेघ,
खाली लेन्ट.

खांबेटे बाई संध्याकाळी आल्या, स्कूटीची किल्ली बोटात.
"तोडलंत बरोबर, वाचलंत चूक.
मी बोलतो, पार्ल. तू बोलतोस, पार्ल. तो, पार्ल.
ते सगळे बोलतात, तरी पार्लच.
कागदावर दोन तुकडे, तोंडात एक."
आम्ही बोलतो म्हणजे मात्र पार्-लों.
तुम्ही बोलता, पार्-ले.
इथे बशीर चहात बिस्किट बुडवता बुडवता
इतका हसला की बिस्किट तळाला गेलं.

मग शेवटची तीन अक्षरं कशाला?
ई, एन, टी.
समोरच्या इमारतीवर डॉक्टरांची पाटीच आहे तशी,
कान, नाक, घसा.
आणि ह्या तिघांना कान ऐकत नाही,
नाकात ती घुमत नाहीत,
घशाला पत्ता नाही.
फुकट जागा अडवतात, मी म्हटलं, एका पानात सतरा वेळा.
"खोडून बघा," बाई म्हणाल्या. "पोरांचे मार्क जातील."

हसण्यात अर्थ नाही म्हणा.
आपणही बोलतात लिहितो आणि बोल्तात् म्हणतो.
वडिलांच्या पत्रांत घरें, झाडें, नाहीं,
डोक्यावर एकेक न वाजणारं टिंब.
नियम बदलले, टिंबं गेली.
वडील शेवटच्या पोस्टकार्डापर्यंत देत राहिले
आणि मी, घरातला प्रूफरीडर, मनात खोडत राहिलो.

"आता प्रेम करणे घ्या," बाई उठता उठता म्हणाल्या.
तो करतो, इलेम.
ते करतात, इल्झेम.
पुढे स्वर आला की मुका एस जागा होतो,
झ होऊन शेजारच्या शब्दाला बिलगतो.
तेवढ्या झ-वरून कळायचं
की माणसं एकाहून जास्त आहेत.

रात्री बहिणीचा फोन. जेवलास का?
"जेवलो आम्ही," मी म्हटलं.
कुमुद जाऊन दोन वर्षं होतील आषाढात.
बहीण काही बोलली नाही,
तिनेही रेघ मारली नाही.
उच्चार स्पष्ट होता,
लिहायला गेलं तर एकच ताट.

सकाळी पुन्हा पान बेचाळीस.
काल चिडून तिन्ही अक्षरांवर फुली मारली होती, मार्क जाऊ देत म्हणून.
फुलीखाली ठिपके दिले,
समासात लिहिलं,
राहू द्या.