शून्य वाजलेच नाहीत

चिलोए बेटावर, कास्त्रो गावात,
इर्मा ओयार्सोचं घर खांबांवर उभं आहे.
भरतीला पाणी फळ्यांपर्यंत येतं,
ओहोटीला चिखल, शिंपले, कुणाचातरी एक बूट.
पाहुणे पिवळ्या दाराचे फोटो काढून जातात.
खांब बघायला वाकतं कोण?

तिची लायब्ररीही तशीच. सहाशे बारा ओळी.
काम एवढंच, की विचारलं तर तारीख सांगायची,
उद्या नेमका कधी सुरू होतो ते सांगायचं.
पुस्तकं नसलेली लायब्ररी, असं आई म्हणते
आणि बटाटे सोलू लागते.

दिवसा इर्मा शिंपल्यांच्या कारखान्यात वजनं लिहिते.
रात्री, चुलीत ओलं लाकूड चुरचुरत असताना,
कुठल्याशा विमान कंपनीचं, कुठल्याशा दवाखान्याचं
गाऱ्हाणं वाचते. सुरुवात बहुधा "तातडीनं" अशी.
फुकट घेणाऱ्याला हा शब्द आधी सुचतो.
(तीही फुकटच घेते. तिचा कंपायलर, तिचा सर्व्हर
ज्यांनी लिहिला, त्यांतल्या एकाचंही
नाव तिला धड सांगता येणार नाही.)

मग सप्टेंबरातला तो शनिवार.
त्या रात्री चिलीत घड्याळं पुढे करतात,
आणि करतात तीही नेमकी मध्यरात्री:
अकरा एकोणसाठनंतर थेट एक.
म्हणजे रविवारी शून्य वाजलेच नाहीत.
पण ओळ क्रमांक दोनशे चार
भाबडेपणानं धरून चाललेली
की प्रत्येक दिवसाच्या उंबऱ्यावर एक शून्य असतंच.
ती शोधत राहिली. सापडेना. पुन्हा शोधत राहिली,
हरवलेल्या किल्लीसाठी तोच खिसा चाचपावा तशी.
सान्तियागोत तिकिटं अडली,
सर्व्हरचे पंखे घोंघावले, लॉग फुगत फुगत
डिस्क भरून गेली,
आणि लोकांनी विचारलं, हे आहे कुणाचं?
आठ वर्षांत पहिल्यांदा.

कुणाचं म्हणजे! वरच लिहिलंय की:
घ्या, वापरा, मोडा, जोडा,
जसं आहे तसं. हमी कशाचीच नाही.
(माझ्या लग्नात हे कुणी वाचून दाखवलं असतं तर, इति आई.)

पहाटे तीनला इर्मा उठून बसली
तोवर दुरुस्त्या येऊन थांबलेल्या.
एक कुताइसीच्या वाख्तांगची, भट्टीवर रात्रपाळी करता करता
पिठाच्या बोटांनी टाइप केलेली.
एक असुन्सिओनच्या लिझ मारिएलची:
"आमच्याकडेही मध्यरात्र अशीच गिळली जायची."
एकानं दुरुस्ती काही पाठवली नाही,
फक्त कळवलं की ओळीआधी चार नव्हे, दोन जागा सोडाव्यात.

ह्या धंद्यात त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात,
ओढून घ्या अशी विनवणी.
इर्माला दर वेळी बैल दिसतात.
ती नऊ वर्षांची होती. मामाचं अख्खं घर
टेकडीवरून किनाऱ्यापर्यंत ओढून नेलं होतं.
मिंगा म्हणतात त्याला. बारा बैल, ओंडके, दोर,
चार वाड्यांवरची माणसं, आणि मजुरी
म्हणजे संध्याकाळचं पोटभर जेवण.
खिडकीतला पडदा मामीनं काढलाच नव्हता,
तो वाटभर हलत होता.
एक जण नुसताच ओरडत होता, डावीकडे! डावीकडे!
पंगतीला पहिला तोच बसला.

लिझचं तिनं ओढून घेतलं. वाख्तांगची चाचणीही.
पाच वाजता नवी आवृत्ती गेली.
विमानं उडाली. कंपनीकडून अवाक्षर नाही.

"मग त्यांना जेवायला काय घातलंस?" आईनं विचारलं.

इर्मानं आभारांच्या फाइलीत दोन नावं चढवली,
लिझचा ज् नीट लिहिला का ते दोनदा पाहिलं.
मग ओहोटी होती म्हणून
हातोडी, टॉर्च घेऊन घराखाली उतरली.
एकेक खांब ठोकून ऐकला.
डावीकडून तिसरा पोकळ वाजला.

ती तिथंच उभी, घोट्यापर्यंत चिखलात,
वर आई चालतेय त्याचा आवाज,
आणि हे आता
कुणाला कळवायचं.