अक्षराला चार रुपये

ग्रामपंचायतीची भिंत, बारा बाय आठ.
काल पांढरा हात मारून ठेवला,
आज सुताला नीळ लावून ओळी पाडल्या.
भाऊसाहेबांनी कागद दिला :
गावाचा इतिहास, गावातील सुविधा.
दर ठरला, अक्षराला चार रुपये,
काना-मात्रा फुकट,
जोडाक्षर एकच धरायचं.

जांभूळथडी बुद्रुक, ता. सिन्नर, जि. नाशिक.
बुद्रुक म्हणजे मोठं.
नदीपल्याड खुर्द आहे,
तिथं एटीएम आहे, लग्नाचं लॉन्स आहे,
द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे.
बुद्रुकात मी चहा मागितला
तर टपरीवाला म्हणाला, कोरा चालेल का,
दूध सगळं डेअरीला गेलं.

इतिहासाला चार ओळींची जागा होती.
पहिली ओळ आखेपर्यंत
पाठीमागे सात माणसं उभी राहिली.
कचरू डुंबरे म्हणाले, गाव आधी थडीला होतं,
पुरानं तीनदा नेलं,
चौथ्यांदा लोकांनीच उचलून माळावर आणलं,
दारं-चौकटी बैलगाडीत घालून.
उत्तम पगार म्हणाले, पूर कसला, पटकी.
मागून कोणी म्हणालं,
पूर नाही पटकी नाही, भावकी.
आवाज चढले. माझा ब्रश सुकायला लागला.
भाऊसाहेब म्हणाले, पेंटर, लिहा :
प्राचीन काळापासून वसलेले गाव.
मी मोजली, चौदा अक्षरं.
पूर, पटकी आणि भावकी
छप्पन्न रुपयांत मिटली.

मग सुविधा.
डावीकडे नाव, उजवीकडे आहे किंवा नाही.
अंगणवाडी आहे. शाळा चौथीपर्यंत आहे.
पिठाची गिरणी आहे,
लाइट असली की, पण तेवढी जागा नाही.
पोस्ट आहे, म्हणजे शिंप्याच्या दुकानात
एक लाल पेटी आणि एक स्टूल.
स्मशानशेड आहे, नवीन.
उद्घाटन झालं, वापर नाही अजून.
लोक हसून सांगतात, इथं कुणाला घाई नाही.
प्रवासी निवारा आहे.
दवाखाना नाही.

‘नाही’तला ‘ना’ ओला होता
तेव्हा काठी टेकत एक बाई पुढं आली.
काय लिहिलं रं, वाच.
मी वाचलं.
माणसं किती टाकली?
एक हजार दोनशे चौदा.
त्यातली साडेतीनशे या हातांनी काढली,
आन् दवाखाना नाही काय लिहितो?
भाऊसाहेब हसले, पार्वताबाई,
तुम्ही यादीत नाही बसत.
मी कुठंच बसत नाही बाबा, ती म्हणाली,
गुडघे धरलेत.

ऊन चढलं तशी माणसं पांगली.
भाऊसाहेब मीटिंगला तालुक्याला गेले.
भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात
सहा इंच जागा मी कायम सोडतो.
‘हारून आर्ट, सिन्नर.’
तिचे पैसे कधी लावत नाही.
त्या सहा इंचांत बारीक ब्रशनं लिहिलं :
सुईण पार्वताबाई सानप, आहे.
सुईणीचा सु ऱ्हस्व की दीर्घ,
विचारायला कुणी नव्हतं.
ऱ्हस्व काढला. रंग कमी लागतो.

डबे धुऊन मागं वळलो
तर एक शेळी भिंतीला पाठ घासत होती.
चौदातला चार गेला तिच्या अंगावर.
पुन्हा लिहिला, शेळीचा तसाच राहिला.

मग प्रवासी निवाऱ्यात जाऊन उभा राहिलो.
चार खांब.
पत्रा मागच्या वैशाखात वावटळीनं खुर्दला नेला,
तो मागायला कोणी जायचं
यावर दोन ग्रामसभा झाल्या म्हणे.
मघाशी मीच लिहिलेल्या ‘आहे’खाली
तासभर उन्हात तापलो.

एसटी आली.
कंडक्टरनं विचारलं, कुठून बसलात?
जांभूळथडी बुद्रुक.
त्यानं मशीन दोनदा दाबलं.
बुद्रुक त्यात नव्हतंच.
तिकिटावर खुर्द आलं,
दोन रुपये जास्त.