रविवारचा रकाना

पुस्तकात छापलंय: भरदुपारी सावली उत्तरेला पडते.
सात वर्षं मी हेच फळ्यावर उतरवत आले,
आणि सात वर्षं माझी स्वतःची सावली
दक्षिणेला, टाचांमागे, गप्प पडून.

विचारलं अम्बोकिलेनं. शेवटच्या रांगेतून,
ब्याण्णव पोरांत ज्याचा आवाज मला
हजेरीपुरता ठाऊक होता:
"उत्तर म्हणजे टांझानियाची बाजू ना, मॅडम?
मग झेंड्याच्या खांबाची सावली
आपल्या संडासाकडं का जाते?"

वर्ग हसला.
माझ्या जिभेवर दोन उत्तरं तयार होती, दोन्ही खोटी.
म्हणाले, "माहीत नाही. मोजू या."

सावली आखडत आखडत जिथं थांबेल, तिथं रोज एक खडा.
फूटपट्टी एकच, तीही दहावर तुटलेली,
म्हणून मक्याचं ताट.
जूनमध्ये दोन ताटं भरली,
सप्टेंबरात जेमतेम अर्धं.
मधे तपासणीचे साहेब येऊन गेले,
खड्यांना ठेचकाळले,
शेऱ्यात लिहून गेले: दोन धडे मागे.

ऑक्टोबर. शुक्रवारी चार बोटं, संडासाच्या बाजूला.
सोमवारी दोन बोटं
टांझानियाच्या.

कुणी म्हणालं, खांब कलला.
कुणी म्हणालं, शुक्रवारचा पोरगा आंधळा.
वहीत शनिवार-रविवार कोरे.

तुसेकिले त्याच दिवशी उगवली, महिन्यानं,
हातांना उसिपाचा वास,
तळ्याकाठी आईबरोबर मासळी वाळवत होती ती.
दारातूनच म्हणाली, "काल नव्हतीच."
"काय नव्हती?"
"सावली. माश्या हाकून दमले, टेकायला गेले,
तर मांडवाच्या एकाही खांबाला सावली नाही.
मला वाटलं, मलाच ऊन लागलं."

ब्याण्णव पोरं इतकी गप्प
मी कधी ऐकली नव्हती.
पेन तिच्या हाती दिलं.
रविवारच्या रकान्यात तिनं शून्य काढलं,
ओळीत न मावणारं.
शनिवार कोराच राहिला. असू दे.

आता नोव्हेंबर. पुस्तक सध्या खरं बोलतंय.
परीक्षेत प्रश्न येईल: उत्तरेला की दक्षिणेला, खूण करा.
पोरं विचारतात, काय करायचं?
अम्बोकिले म्हणतो, आधी त्यांना महिना विचारायचा.
पेपरात त्यासाठी जागा नसते.
मी त्याला अजून हे सांगितलेलं नाही.