चाळीस किलो

दर दुसऱ्या मंगळवारी बिल्थच्या वरच्या टेकडीवर
प्रोबर्टबाईंकडे मी कोकरांची वजनं घ्यायला जाते.
निळा बिल्ला कुरणाचा, पिवळा शेडचा.
एकाच मेंढ्याची पोरं, एकाच पंधरवड्यातली,
तीस इकडं, तीस तिकडं.

पिवळी रोज साडेतीनशे ग्रॅम चढतात.
बार्ली, सोया, कोरडा पेंढा, वर पत्रा.
काट्यावर शहाण्यासारखी उभी राहतात.
निळी दोनशेवर अडतात, झड लागली की एकशे साठ,
आणि काट्यावरून उड्या मारतात.
एकानं माझ्या बुटात लेंड्या टाकल्या.
त्याला रकाना नाही.

"गवत फुकट," बाई म्हणतात.
"फुकट?" त्यांचा भाऊ इड्रिस कुंपणाची बिलं काढतो,
जंताच्या औषधाची, शिवाय ते एक,
कावळ्यांनी डोळे टोचलेलं.
मग बाई खुराकाच्या पावत्या मांडतात,
आणि मुतखड्यानं गेलेले दोन पिवळे.
चहा निवून जातो.
वडिलांच्या वेळीही हेच भांडण होतं म्हणे,
फक्त तेव्हा सोयाच्या जागी सलगम होते.

चवीचं मला विचारलं त्यांनी.
दोन्हीकडच्या चॉप्स घरी नेल्या,
सवयीनं काळा मसाला घातला
आणि काही कळेना कुठली कुठली.
अहवालात लिहिलं : निष्कर्ष अनिश्चित.

जूनमध्ये पिवळ्यांची लॉरी आली.
सगळी चाळीस किलोला टेकलेली.
शेडचं दार उघडलं, लॉरीची फळी चार पावलं दूर,
मधे ओल्या गवताचा पट्टा.
अठ्ठावीसही उंबऱ्याशी थबकली.
पुढच्यानं खूर टेकवला, उचलला,
पुन्हा टेकवला, जसं आपण
आंघोळीचं पाणी बघतो.
नाक खाली घातलं. एक पान उपटलं.
इड्रिस ओरडला नाही. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं.

निळी ऑगस्टमध्ये गेली. तीही चाळीसच किलोंची.
एकोणपन्नास दिवस उशिरा.
हा आकडा मी मार्चपासून
खर्चाच्या बाजूला धरत होते.
त्या रात्री वही उघडली, पेन्सिलीनं एक बाण काढला
पलीकडच्या रकान्याकडे,
मग खोडला.
बाईंना अजून कळवलेलं नाही काही.
त्या विचारतात, पुढच्या वर्षी किती तिकडं, किती इकडं?